कोंब वर का येतो? प्रकाशानुवर्तन आणि गुरुत्वानुवर्तन

खिडकीतलं रोप उजेडाकडे झुकताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यावरून झाडं उजेडासाठीच वर वाढतात, असा समज पक्का होतो. पण मातीत बोटभर खोल पेरलेल्या वालाला वरची बाजू कशी कळते? तिथे तर काळोख. बी उलटं पडलं तरी कोंब वर येतो, मूळ खाली जातं. हे काम गुरुत्वानुवर्तनाचं, म्हणजे गुरुत्वाच्या ओढीनुसार वाढीची दिशा ठरण्याचं. प्रकाशानुवर्तनाची, म्हणजे उजेडानुसार वळण्याची, पाळी कोंबाला उजेड लागल्यावर येते.

उघड्या रानात उजेड वरून येतो आणि गुरुत्व खाली ओढतं, म्हणून दोन्ही परिणाम एकात एक मिसळून दिसतात. ते वेगळे करायचे तर कुंडी आडवी करून बंद कपाटात ठेवावी. उजेड नसतानाही कोवळा शेंडा वर वळतो. इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस नाइट यांनी १८०६ मध्ये याहून देखणा प्रयोग केला. पाण्याच्या जोरावर वेगाने फिरणाऱ्या चाकावर त्यांनी बिया रुजवल्या, तर मुळं चाकाच्या बाहेरच्या अंगाला वाढली आणि कोंब मध्याकडे. ओढीची दिशा बदलली तशी वाढीचीही बदलली!

जाणण्याची यंत्रणाही दोघांची निराळी. मुळाच्या टोकावरच्या मूलटोपीतल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते तळाशी बसतात, त्यावरून मुळाला खालची बाजू समजते. उजेड ओळखतात ती फोटोट्रॉपिन नावाची प्रथिनं, तीही मुख्यतः निळा प्रकाश. नुसत्या लाल दिव्याकडे रोप सहसा झुकत नाही. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये दाखवलं, की गवताच्या कोंबाचं टोक झाकलं तर तो उजेडाकडे वळत नाही, खालचा भाग उघडा असला तरीही.

गोंधळ वाढतो तो पुढे, कारण वळवण्याचं काम दोन्हीकडे ऑक्सिन हेच संप्रेरक करतं. सावलीकडच्या बाजूला ते जास्त साचतं, तिथल्या पेशी लांबतात आणि खोड उजेडाकडे कलतं. आडव्या खोडात ते खालच्या बाजूला साचतं, म्हणून शेंडा वर उचलला जातो. आडव्या मुळातही ते खालीच साचतं, पण तेवढं ऑक्सिन मुळाची वाढ रोखतं. वरची बाजू लांबत राहते आणि मूळ खाली वळतं. एकच रसायन खोडाला वर नेतं आणि मुळाला खाली, हे मला या सगळ्यातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

खिडकीतलं रोप पूर्ण आडवं न होता तिरकंच राहतं, त्याचंही कारण यातच आहे. उजेड त्याला बाजूला वळवत असतो, तेव्हा गुरुत्वाची जाण त्याला सरळ उभं करू पाहत असते.