नुसत्या एलसीडी काचेमागचा इतिहास

नियंत्रक चिप नसलेली नुसती परावर्ती एलसीडी (द्रवस्फटिकाचा डिस्प्ले) प्रकल्पात वापरताना पहिला नियम सांगितला जातो तो हा, की तिला डीसी, म्हणजे एकाच दिशेचे स्थिर व्होल्टेज, देऊ नये. हा नियम कोठून आला, हे कळले की पुढची जोडणी डोळे मिटून करावी लागत नाही.

१८८८ मध्ये प्रागमधील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिश रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट हे रसायन १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ होताना आणि १७८.५ अंशांना नितळ होताना दिसले. द्रव आणि स्फटिक यांच्या मधली ही अवस्था, म्हणजे द्रवस्फटिक, पुढे कित्येक दशके प्रयोगशाळेतच राहिली. १९६८ मध्ये आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने जाहीर केलेल्या डिस्प्लेत द्रवातून प्रत्यक्ष प्रवाह वाहत असे आणि त्या खळबळीने काच दुधाळ दिसे. खरे वळण आले ते डिसेंबर १९७० मध्ये, जेव्हा मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फरिश यांनी स्वित्झर्लंडमध्ये पीळदार रचनेचे पेटंट दाखल केले. या रचनेत रेणूंचा ९० अंशांचा पीळ प्रकाशाचे ध्रुवीकरण वळवतो आणि विद्युतक्षेत्र लावताच तो पीळ सुटून सेगमेंट, म्हणजे अंकाचा तेवढा तुकडा, काळा दिसतो. त्यासाठी प्रवाह जवळजवळ लागतच नाही. त्यानंतर हल विद्यापीठातील जॉर्ज ग्रे यांच्या गटाने सायनोबायफिनाइल ही सामान्य तापमानात टिकणारी द्रव्ये दिली. त्यांच्या कामाला मिळाले त्याहून अधिक श्रेय मिळायला हवे होते, असे मला मनापासून वाटते, कारण त्यांच्याविना मनगटावरचे एलसीडी घड्याळ इतके टिकाऊ झाले नसते. एलईडी घड्याळात वेळ पाहायला बटण दाबावे लागे. परावर्ती एलसीडी मात्र बाहेरच्याच उजेडावर सतत वाचता येई.

रेणू क्षेत्राची दिशा पाहत नाहीत, केवळ त्याची तीव्रता पाहतात. पण डीसी टिकून राहिल्यास इलेक्ट्रोडपाशी रासायनिक क्रिया होऊन काच कायमची खराब होते. म्हणून बॅकप्लेनवर, म्हणजे सर्व सेगमेंटांच्या मागच्या सामाईक इलेक्ट्रोडवर, साधारण ३० ते १०० हर्ट्झची चौरस लहर देतात. बंद सेगमेंटला तीच लहर आणि चालू सेगमेंटला तिची उलट लहर मिळते, त्यामुळे सरासरी व्होल्टेज शून्य राहते. एक्सॉर गेट (दोन संकेत वेगळे असतील तेव्हाच ‘१’ देणारे लॉजिक गेट) हे काम सहज करते, कारण त्याच्या एका टोकाला ही लहर आणि दुसऱ्या टोकाला सेगमेंटचा संकेत जोडला की पुरते.

चार सात-सेगमेंटी अंकांना २८ पिना आणि शिवाय बॅकप्लेन लागते. पिना वाचवण्यासाठी मल्टिप्लेक्सिंग, म्हणजे सेगमेंटांच्या ओळी करून त्याच पिना आळीपाळीने वापरणे, आले, पण ऑल्ट आणि प्लेश्को यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की ओळी वाढल्या की चालू आणि बंद सेगमेंटमधला फरक घटत जातो. पुढे एचडी४४७८० सारख्या नियंत्रकांच्या मॉड्यूलनी हा सारा व्याप झाकून टाकला. नुसत्या काचेत तो पुन्हा आपल्या कोडकडे येतो, म्हणून मायक्रोकंट्रोलर अडकला तर बॅकप्लेनची लहर एकाच पातळीवर थांबून डीसी राहणार नाही, याची सोय वॉचडॉग टायमरने (अडकलेल्या मायक्रोकंट्रोलरला आपोआप पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) आधीच करून ठेवावी लागते.