दुनळी बंदुकीचा बार का उडत नाही?

मुळशी-मावळ भागातल्या काही घरांत परवान्याची दुनळी बंदूक अजून सांभाळून ठेवलेली असते. पावसाळ्याचे चार महिने दमट कपाटात काढल्यावर तिचा एखादा बार हमखास फुसका जातो आणि दोष काडतुसावर ढकलला जातो. १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप; आकडा जितका मोठा, तितकी नळी अरुंद) काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनतात. ती ओल लागून खराब होऊ शकतात हे खरे, पण निवाडा देण्याआधी बंदुकीचीच साक्ष काढावी, कारण दुनळीत घोडा, स्प्रिंग आणि पिन हे सारेच दोन-दोन असल्याने तुलनेची सोय आयतीच असते.

चाप ओढला की घोडा स्प्रिंगच्या जोराने पिनवर आदळतो, पिन काडतुसाच्या बुडातील प्राइमरच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या टोपीच्या, पातळ वाटीला खळगा पाडते आणि वाटी व तिच्या आतील ऐरण यांच्यात स्फोटक मिश्रण चिरडले जाऊन पेटते. हा धक्का अपुरा पडला की नुसती ‘टक’ ऐकू येते. अशा वेळी बंदूक लगेच उघडू नये, कारण बार उशिराही उडू शकतो. नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान एक मिनिट थांबावे.

त्यानंतर न उडालेल्या काडतुसाचा खळगा पाहावा. एकाच खोक्यातील काडतुसे उजव्या नळीत उडतात आणि डावीत मात्र उथळ खळगा पडून तशीच राहतात, तर दोष डाव्या यंत्रणेत आहे. दोन्हीकडे खोल, मध्यावरचे खळगे पडूनही बार उडत नसेल तर काडतुसांवर संशय घ्यावा. उडालेल्या काडतुसाच्या खळग्याशी तुलना करणे मात्र फसवे ठरते, कारण आतील दाबाने त्याचा आकार बदललेला असतो.

उथळ खळग्याचे सर्वांत सामान्य कारण अगदी साधे असते: वर्षानुवर्षे घातलेले तेल सुकून चिकट होते आणि घोड्याचा वेग खाते. झिजलेली पिन किंवा थकलेली स्प्रिंग ही पुढची कारणे. स्प्रिंगमधील ऊर्जा तिच्या दाबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते अंतर १० टक्क्यांनी घटले तर ऊर्जा १९ टक्क्यांनी घटते. दिसायला किरकोळ वाटणारा ढिलेपणा असा महागात पडतो. पिन घासून किंवा स्प्रिंग ताणून घरगुती इलाज करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीचा व्यवसायही परवान्याखाली येतो, तेव्हा हे काम परवानाधारक कारागिराचेच.

एक चाप असलेल्या काही बंदुकांत दुसरी नळी पहिल्या बाराच्या धक्क्यानेच सज्ज होते. पहिला फुसका गेला की दुसराही गप्प राहतो आणि दोन्ही नळ्या बिघडल्याचा भास होतो.

सर्वांत घातक प्रकार मात्र बिघाडाचा नसतोच. चुकून घातलेले २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते, चाप ओढल्यावर काहीच होत नाही, नळी रिकामी समजून मागे १२ बोअरचे काडतूस भरले जाते आणि ते उडताच नळी फुटते. म्हणून बार उडाला नाही की पुन्हा भरण्यापूर्वी, दोन्ही काडतुसे काढून, मागच्या बाजूने नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. २० बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग देण्याची पद्धत याच धोक्यामुळे रूढ झाली.