समारोपाला ‘अशा प्रकारे’ कुठून चिकटले?

पुण्यातल्या कॉलेजांत लिहिल्या जाणाऱ्या निबंधांचा शेवटचा परिच्छेद बहुधा ‘अशा प्रकारे’ने सुरू होतो आणि ‘तरुणांनी पुढे यायला हवे’वर संपतो. ही सवय व्यासपीठाची. भाषणाच्या समारोपाची चार कामे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवली होती : श्रोत्यांना आपल्या बाजूला वळवणे, मुद्दा लहान-मोठा करून दाखवणे, भावना चेतवणे आणि उजळणी. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही, तेव्हा उजळणी हवीच. पुण्यात १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली, १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला. लेखणी आणि व्यासपीठ इथे शेजारीशेजारी वाढले. शाळेतल्या निबंधाने पुढे वक्तृत्वाचाच शेवट उचलला, सुविचारासकट.

दुसरी वाट शास्त्राची, आणि अभ्यासनिबंधाला खरी तीच उपयोगाची. न्यायदर्शनातल्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातल्या, पंचावयवी (पाच भागांच्या) वाक्यात शेवटचे निगमन, म्हणजे निष्कर्ष, ही पहिली प्रतिज्ञाच (सिद्ध करायचे विधान), पण आता हेतू (कारण) आणि उदाहरणाच्या बळावर सिद्ध झालेली. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याच्या सहा खुणांत उपक्रम-उपसंहार, म्हणजे सुरुवात आणि शेवट, पहिले धरले. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी गीतेला हीच कसोटी लावली. घाईतला परीक्षकही तेच करतो : प्रस्तावना वाचतो आणि थेट शेवटाकडे वळतो.

म्हणून मधला भाग झाला की प्रस्तावनेतला प्रश्न कोऱ्या कागदावर उतरवावा आणि मागे न बघता दोन वाक्यांत उत्तर लिहावे. ते प्रस्तावनेतल्या विधानाशी जुळत नसेल, तर बहुतेकदा प्रस्तावनाच बदलावी लागते. ती आपण विषय कळण्याआधी लिहिलेली असते. मग सर्वांत वजनदार पुरावा, आणि शेवटी मर्यादा. समजा विषय १८९७ च्या प्लेगमधला ‘केसरी’. ‘प्लेगने समाज ढवळून निघाला’ हे कुठल्याही निबंधाला चालेल. ‘टीकेचा रोख उपायांपेक्षा ते राबवण्याच्या पद्धतीवर होता, मात्र हे एकाच वर्तमानपत्रावरून दिसते, झडत्या सोसलेल्या बायकांचे म्हणणे यात नाही’ हे याच निबंधाचे.

१५०० शब्दांना १२० ते १५० शब्दांचा समारोप पुरतो. त्याहून वाढला, तर त्यात बहुधा नवा मुद्दा शिरलेला असतो. त्याला पुरावा द्यायला तिथे जागा नसते. तो मधल्या भागात न्यावा, नाहीतर खोडावा.