मत्स्यतळे आणि शिंपलेपालनाचे अर्ज नेमके कुठे अडतात?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली तळ्यासाठी केलेले अर्ज परत येतात ते बहुधा जमिनीच्या कागदांमुळे. आधार, बँक पासबुक, जातीचा दाखला हे सर्वांकडे असते. गाडी अडते ती सातबाऱ्यावर. उताऱ्यावर चार भावंडांची नावे सामाईक असतील, तर सर्वांचे संमतिपत्र मागितले जाते आणि परगावी नांदणाऱ्या बहिणीची सही शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. वारसनोंद राहिली असल्यास फेरफार आधी करून घ्यावा. जमीन भाड्याची असेल, तर साध्या करारावर विसंबू नये. भाडेपट्टा नोंदणीकृत करावा.

दुसरा गैरसमज अनुदानाच्या रकमेचा. सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के मिळतात. परंतु हे प्रमाण प्रत्यक्ष खर्चावर नसून ठरवून दिलेल्या प्रकल्प-किमतीवर मोजले जाते. गोड्या पाण्याच्या नव्या संवर्धन तळ्यासाठी ही किंमत हेक्टरी 7 लाख रुपये धरलेली आहे. त्यामुळे 9 लाख खर्चूनही सर्वसाधारण अर्जदाराच्या हाती 2 लाख 80 हजारच येतात, तेही काम झाल्यावर, तपासणीनंतर. मंजुरीचा आदेश हाती येण्याआधी पोकलेन लावू नये, ही कळकळीची विनंती.

निमखाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवायची असेल, तर 2005 च्या कायद्यानुसार तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक आहे. 'समुद्र आमच्यापासून लांब आहे' असे म्हणून अनेकजण ती टाळतात. मात्र भरतीरेषेपासून ज्या दोन किलोमीटरच्या आत ही नोंदणी लागते, ते अंतर भरतीच्या पाण्याचा परिणाम असलेल्या नदी-खाडीच्या भरतीरेषेपासूनही मोजले जाते. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते; नूतनीकरणाची तारीख प्रमाणपत्र मिळाले त्याच दिवशी लिहून ठेवावी. जागेत कांदळवन असेल, तर तिचा विचारच सोडावा.

कालवे (ऑयस्टर) आणि शिंपले वाढवणाऱ्यांची अडचण मुळातच वेगळी आहे. 2023 च्या दुरुस्तीने शिंपलेपालन याच कायद्याच्या कक्षेत आणले, पण कागदपत्रांची सगळी घडण आजही जमिनीच्या हिशेबाने चालते. गट क्रमांक नाही म्हणून अर्ज परत करणाऱ्याने खाडीचा गट क्रमांक कोणता, हेही एकदा सांगावे. शिंपले वाढवण्याचा तराफा पाण्यात कुठे बांधणार त्याचे अक्षांश-रेखांश नकाशावर दाखवून त्या पाण्याच्या वापराची परवानगी कोणाकडून घ्यायची, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडून अर्जापूर्वीच लेखी विचारून घ्यावे आणि आपल्या पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.