जरबेराची मान का मोडते?

पणजी-मडगावच्या बाजारात जरबेराच्या देठाला तार गुंडाळलेली दिसते. फूल जड, म्हणून देठ वाकतो, असा समज. पण तेच फूल रोपावर तारेशिवाय ताठ असतं. वजन तिथेही तेवढंच!

देठाचा खालचा भाग जून आणि टणक. फुलाखालचा भाग कोवळा. तो उभा राहतो निव्वळ पेशींतल्या पाण्याच्या दाबावर, हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा. फुलदाणीच्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि कापलेल्या टोकाशी जलवाहिन्या बुजवतात. पाकळ्यांतून बाष्प मात्र जातच राहतं. आवक बंद, जावक चालू. दाब उतरला की सगळ्यात कोवळ्या जागी मान पडते. देठावरच्या लवेत माती अडकते, तिच्यासोबत जिवाणूही येतात. गोव्याच्या उकाड्यात ते आणखी झपाट्याने वाढतात.

काढणीची वेळ चुकली तरी हेच होतं. जरबेरा शेवंती-झेंडूच्या कुळातला. एक फूल म्हणजे शेकडो फुलांचा गुच्छ. मधल्या चकतीतल्या बारीक फुलांची बाहेरून दोन-तीन वलयं उमलली की फूल काढावं. त्याआधी देठ तयार नसतो. देठ कापू नये, पिळून बुडापासून ओढावा, नाहीतर रोपावर राहिलेला खुंट कुजतो. मग टाचेकडचे 2-3 सेंटीमीटर धारदार सुरीने तिरके छाटावेत, कारण तो भाग पाणी नीट ओढत नाही. स्वच्छ धुतलेल्या भांड्यात 5-7 सेंटीमीटर पाणी पुरे. लिटरला 1 मिलिलिटर, म्हणजे साधारण 20 थेंब, घरगुती ब्लीच घालावं. जास्त झालं तर देठ पांढरा पडून करपतो. नुसती साखर घातली तर मेजवानी जिवाणूंची. आणि तांब्याने जिवाणू मरतात म्हणून पाण्यात नाणं टाकणाऱ्यांसाठी: आजचे एक-दोन रुपये स्टेनलेस स्टीलचे आहेत.

नाव ट्राउगॉट गेर्बर या जर्मन वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाचं. मॉस्कोच्या औषधी बागेचा हा प्रमुख 1743 मध्ये वारला. आजच्या संकरित जाती मुख्यतः जरबेराच्या ज्या 'जेमसोनाय' या प्रजातीपासून आल्या, ती दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन भागातली. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने तिचं वर्णन छापलं 1889 मध्ये. म्हणजे ज्याचं नाव, त्याने हे फूल पाहिलेलंच नाही. 'जेमसोनाय' हे रॉबर्ट जेमसनवरून. त्याने मात्र ते स्वतः गोळा केलं होतं.

मान नुकतीच पडली असेल तर फूल टाकू नका. देठ वर्तमानपत्रात सरळ घट्ट गुंडाळा, टोक पुन्हा छाटा आणि दोन-तीन तास सावलीत ताज्या पाण्यात उभं ठेवा. देठ पिचून तपकिरी झाला असेल, तर मात्र उपाय नाही.