हिस्ट्री पुसली, कुकी तशीच राहिली

कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकतोच: "हिस्ट्री क्लिअर केलीय की ओ, तरी जाहिराती पाठ सोडंनात." शिकली-सवरलेली माणसंही हिस्ट्री आणि कुकी एकच समजतात. म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

आमच्या दाजींचंच बघा. ताईला पाडव्याला कोल्हापुरी साज द्यायचा होता. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, जाण्याआधी भावाचा अंदाज घ्यावा म्हणून त्यांनी फोनवर एका साइटवर साज बघितले. फोन घरात दोघंही वापरतात, म्हणून हिस्ट्रीत जाऊन एकेका नोंदीसमोरची फुली दाबत सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी ताईनं तिथी बघायला पंचांगाची साइट उघडली, तर खाली तोच साज, किमतीसकट. "हे कुणासाठी बघितलंत?" दाजींना उत्तर सुचेना.

हिस्ट्री तुम्हाला माहीत आहेच. आपण कुठं कुठं गेलो याची ती आपली यादी, आपल्याच सोयीसाठी. ती पुसली की फोन हातात घेणाऱ्या दुसऱ्या माणसाला दिसत नाही. तिचं काम तिथं संपतं.

कुकी समजायला अंबाबाईच्या दर्शनाला जाताना मिळणारा चपलांचा बिल्ला आठवा. बिल्ला तुमच्या खिशात असतो, पण त्यावरच्या नंबरावरून ओळखतो तो स्टँडवाला. तुम्ही पहिल्यांदा साइट उघडता तेव्हा तिकडचा सर्व्हर, म्हणजे साइटचा कॉम्प्युटर, तुमच्या ब्राउझरला (क्रोमसारख्या साइट उघडणाऱ्या अ‍ॅपला) असाच एक नंबर देतो. पुढं प्रत्येक वेळी ब्राउझर तो आपणहून परत दाखवतो. न विचारता. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी ही सोय काढली ती साइटला गिऱ्हाईक लक्षात राहावं म्हणून, आणि त्या कामासाठी ती आजही चांगलीच आहे. लॉगिन टिकतं, टोपलीत टाकलेली वस्तू राहते. ब्राउझर बंद केल्यावर जाणाऱ्या कुकीही असतात. मुदतीच्या मात्र राहतात. क्रोमनं ती मुदत जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणली आहे, पण साइटवर परत गेलात की ती पुन्हा वाढवता येते.

खरा घोळ इथून पुढं. आता असा एक स्टँडवाला डोळ्यांसमोर आणा, ज्याची माणसं महाद्वारात, जोतिबावर, पन्हाळ्याला, रंकाळ्यावर आणि गुजरीतल्या दुकानांतही बसलीत. बिल्ला सगळीकडं एकच. जाल तिथं तुम्ही तो दाखवता आणि तो वहीत लिहीत जातो: हा नंबर सकाळी गुजरीत साज बघत होता, दुपारी जोतिबावर होता. थर्ड पार्टी कुकी म्हणजे हेच. साजाच्या पानावर जाहिरात कंपनीचा तुकडा बसवलेला असतो, पंचांगाच्या पानावरही त्याच कंपनीचा. दोन्ही पानं उघडताना तुमचा ब्राउझर त्या कंपनीला तोच नंबर देतो. पंचांगवाल्याला साजाची काहीच खबर नसते. खबर असते ती मधल्या कंपनीला.

दाजींनी स्वतःची डायरी फाडली. बिल्ला खिशातच होता आणि वही तिकडं, सर्व्हरवर.

कुकी पुसल्या तर? बिल्ला जातो, वही राहते. त्या वहीतला नंबर आता तुमच्याशी सहजासहजी जोडता येत नाही, कंपनी तुम्हाला नवा नंबर देते. पण त्याच कंपनीच्या खात्यात पुन्हा लॉगिन केलंत की ती तुम्हाला नावानिशी ओळखते. म्हणून रोज कुकी पुसत बसण्यापेक्षा थर्ड पार्टी कुकी येऊच न देणं मला शंभरदा पटतं.

कॅश म्हणजे पान पटकन उघडावं म्हणून साठवलेली चित्रं वगैरे. त्यात अडकू नका. कुकी पुसल्या म्हणून साठवलेले पासवर्ड जात नाहीत, फक्त लॉगिन निघतं. इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की तिच्यातली हिस्ट्री आणि कुकी दोन्ही जातात, हे खरं. पण ती उघडी असताना लॉगिन केलंत, तर त्या साइटला तुम्ही दिसताच, आणि तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे इंटरनेट कंपनीपासूनही लपत नाही. आणि ते 'क्लीनर' अ‍ॅप कृपा करून काढून टाका. अँड्रॉइडवर एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या आतल्या कुकींना हात लावता येत नाही. उलट ते स्वतःच जाहिरातींनी भरलेलं असतं, आणि ते बघून माझा जीव तळमळतो.

आयफोनच्या सफारीनं थर्ड पार्टी कुकी २०२० पासून आपसूक बंद केल्या. फायरफॉक्सनं २०२२ पासून प्रत्येक साइटला वेगळा डबा दिला, एकीकडचा बिल्ला दुसरीकडं चालत नाही. मी स्वतः फायरफॉक्सच वापरतो. क्रोमनं २०२० साली थर्ड पार्टी कुकी काढून टाकण्याचं जाहीर केलं, आणि पुढं तो बेत सोडला. म्हणजे क्रोम वापरणाऱ्याला बटण स्वतःच दाबावं लागतं: सेटिंग, प्रायव्हसी, थर्ड पार्टी कुकी, ब्लॉक. त्यानंतर जुन्या कुकी एकदाच पुसा, आणि पुसताना वेळ 'शेवटची १५ मिनिटं' नसून सुरुवातीपासूनची आहे ना ते बघा. इथं निम्मी माणसं चुकतात.

दाजींच्या फोनवर हे करायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. एखाद्या साइटचं लॉगिन किंवा पैसे भरायचं पान अडलं, तर तेवढ्या एका साइटला परवानगी द्या आणि बाकीच्यांना बंदच ठेवा.