आयर्लंडमधला बेकारी भत्ता: २५ वर्षांखालच्यांचा दर कमी, पण सगळ्यांचा नाही

आयर्लंडमध्ये जॉबसीकर्स अलाउन्स या बेकारी भत्त्याचा पूर्ण दर २०२५ साली आठवड्याला २४४ युरो होता. वय १८ ते २४ असेल तर हाच भत्ता १५३.७० युरो. ही कपात २००९ च्या मंदीत सुरू झाली, आधी २० वर्षांखालच्यांपुरती आणि पुढे वाढत गेली. तरुणांनी भत्त्यावर न राहता शिक्षण-प्रशिक्षणाकडे वळावं, हा सरकारचा युक्तिवाद. घरमालक भाडं सांगताना वय विचारत नाही, त्यामुळे मला तो फारसा पटलेला नाही. २०२३ ते २०२५ अशी तिन्ही वर्षं दोन्ही दर १२-१२ युरोंनी वाढले, म्हणजे ९०.३० युरोंचा फरक जिथल्या तिथे.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट तपासा. वयाची कपात या उत्पन्न पाहून दिल्या जाणाऱ्या भत्त्याला लागते. नोकरी करताना पगारातून पीआरएसआय (सामाजिक विम्याचा हप्ता) भरला असेल, तर ३१ मार्च २०२५ पासून सुरू झालेली पगाराशी जोडलेली वेगळी योजना आहे. तिला किमान १०४ आठवड्यांचा भरणा लागतो आणि रक्कम वयावर नव्हे, आधीच्या पगारावर ठरते. दोन-तीन वर्षं नोकरी केलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाने आधी हीच बघावी.

अलाउन्ससाठी आठवड्यातले किमान चार दिवस काम नसलं पाहिजे, पूर्णवेळ कामाची तयारी हवी आणि शोध खरोखर चालू असल्याचं दाखवता आलं पाहिजे. शिवाय आयर्लंड हेच तुमचं नेहमीच्या वास्तव्याचं ठिकाण आहे, हे सिद्ध करावं लागतं. विद्यार्थी म्हणून स्टॅम्प २ या निवास परवान्यावर आलेल्यांना हा भत्ता मिळत नाही.

आई-वडिलांकडे राहणाऱ्यांची खरी अडचण पुढे आहे. २५ वर्षांखाली असाल तर पालकांचं उत्पन्नही मोजतात. कर, पीआरएसआय, घराचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता वजा केल्यावर दोन्ही पालक असतील तर आणखी ६०० युरो सोडतात, एकच असेल तर ४७०. उरलेल्या रकमेचे ३४ टक्के तुमचं उत्पन्न धरलं जातं. समजा, हप्ता वगैरे जाऊन दोघांच्या हातात आठवड्याला ९०० युरो उरतात. त्यातले ६०० गेले, राहिले ३००, त्याचे ३४ टक्के १०२. म्हणजे २०२५ च्या १५३.७० मधून तुमच्या हाती ५१.७०. वयाच्या कपातीची चर्चा सगळीकडे होते, या दुसऱ्या कात्रीची फारशी होत नाही.

पूर्ण दर मिळण्याच्या वाटाही आहेत. तुमच्यावर मूल अवलंबून असेल तर वयाची कपात लागत नाही. अठरा पूर्ण होण्याआधीच्या बारा महिन्यांत तुस्ला या बालकल्याण संस्थेच्या देखरेखीत असलेल्यांनाही लागत नाही. पालकांपासून वेगळे राहून हॅप किंवा रेंट सप्लिमेंटसारखी सरकारी घरमदत घेणाऱ्यांना जानेवारी २०२० पासून पूर्ण दर आहे. नुसतं भाड्याने राहणं मात्र पुरेसं नाही. यातलं काही लागू असेल तर ते अर्जातच लिहा आणि पुरावा जोडा. कुणी आपणहून विचारेल या भरवशावर राहू नका.

अर्ज मायवेल्फेअर या सरकारी संकेतस्थळावर करता येतो, त्यासाठी पडताळणी झालेलं मायगव्हआयडी खातं लागतं. नाहीतर जवळच्या इंट्रिओ सेंटरमध्ये, म्हणजे भत्ते आणि रोजगाराच्या सरकारी कार्यालयात जा. पीपीएस नंबर (सरकारी सेवांसाठीचा वैयक्तिक क्रमांक), ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा तपशील, नोकरी सुटल्याचा कागद आणि शेवटच्या पगारपावत्या तयार ठेवा. घरी राहत असाल तर पालकांच्या पगाराचे आणि भाड्या-हप्त्याचे कागदही लागतात. ते द्यायला पालक कुरकुरतात, म्हणून आधीच बोलून ठेवलेलं बरं. नोकरी सुटताच अर्ज करा, कारण पहिल्या तीन दिवसांचे पैसे साधारणपणे मिळतच नाहीत.

निर्णयाचं पत्र आलं की दर आणि धरलेलं उत्पन्न हे दोन आकडे पाहा. हिशोब चुकलेला वाटला तर आधी त्याच कार्यालयाकडे फेरतपासणी मागता येते, आणि तिथेही पटलं नाही तर सोशल वेल्फेअर अपील्स ऑफिसकडे अपील. अपिलाची मुदत पत्रातच छापलेली असते.